गोसावी सरांनी मला डोळेवाल्यांत बसवलं

काकू, सरांच्या घरची मंडळी, आणि आज आपापली कामं सोडून इथे आलेले सगळे,

माझ्या आधी जे बोलले ते मनापासून बोलले. काहींचा आवाज दाटून आला. माझा येणार नाही. आधीच सांगते, म्हणजे कुणी वाट पाहणार नाही. माझं नाव मृण्मयी. सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. सरांची जुनी विद्यार्थिनी. मी चारचौघांत बोलत नाही, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. आज इथे उभं राहणं जड जातं आहे. त्यात दुःख आहेच. पण दुःखाबरोबर दुसरंही काही आहे, आणि ते शोकसभेत कसं सांगतात हे मला माहीत नाही. म्हणून सरळ सांगते.

सरांनी मला फसवलं.

थांबा. कुजबुज नको. काकूंना विचारून बोलते आहे. मी त्यांना म्हटलं, "काकू, मी बोलले तर खरं बोलेन. चालेल का?" त्या म्हणाल्या, "बोल गं. बाकी सगळे गोडच बोलणार आहेत. यांना गोड चालायचं नाही, डायबेटीस होता."

तर बोलते.

मागच्या रांगांत नवी बॅच बसली आहे. तुमची आणि सरांची एकदाही भेट झाली नाही, तरी तुम्ही आलात. तुमच्यासाठी थोडं मागचं सांगते. गोसावी सर ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग गेजला लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. नोकरीत असतानाच ते जर्मन शिकले. मशिन बसवायला आलेल्या जर्मन माणसांच्या मागे मागे फिरून शिकले, असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅनडा कॉर्नरजवळ, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जर्मनचा वर्ग काढला. आज इथे बसलेले निम्मे लोक त्या खोलीतून गेले आहेत.

आणि ती टेस्ट. ती तर सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी सर एक जर्मन उतारा ऐकवायचे आणि एक उतारा कागदावर द्यायचे. दोन्हींतलं आम्हाला ओ का ठो कळायचं नाही. मग विचारायचे, काय लक्षात राहिलं ते लिहा. कागद गोळा करायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि एकेकाला सांगायचे. तू कान. तू डोळे. तू कान. कानवाले खिडकीच्या बाजूला, डोळेवाले भिंतीच्या बाजूला. कानवाल्यांना संवाद, फोनवरचं बोलणं, गाणी. डोळेवाल्यांना उतारे, तक्ते, निबंध. सर म्हणायचे, ज्याचं दार ज्या बाजूला, त्यानं त्या बाजूनं आत यावं.

आम्हाला हे फार आवडायचं. रास विचारावी तसं आम्ही नव्या माणसाला विचारायचो, तू कान का डोळे? आमच्या बॅचमधल्या एका कान मुलाचं एका डोळे मुलीशी लग्न ठरलं, तेव्हा सर म्हणाले होते, "छान. एक बोलत राहील, दुसरी चिठ्ठ्या लिहील. भांडण व्हायचं नाही."

मला सर म्हणाले, "मृण्मयी, तू शुद्ध डोळे. तुझा मेंदू भाषा बघतो. तुला बोलायची घाई करायची गरज नाही."

मला किती बरं वाटलं, सांगू? शाळेपासून मला लोक घुमी म्हणायचे. नातेवाईक आईला विचारायचे, हिला बोलता येतं ना? सरांनी पहिल्यांदा त्या गप्प बसण्याला कारण दिलं. आणि माझ्यासारखीला कारण मिळालं की ती पुढे प्रश्न विचारत नाही.

आमच्याच बॅचमध्ये, खिडकीच्या बाजूला संदीप होता. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसला आहे. लासलगावजवळचा. आता जर्मनीत एका रुग्णालयात परिचारक आहे, सुट्टीवर आला आहे. संदीप पक्का कान. पहिल्या आठवड्यापासून तोंड चालू. मी एक वाक्य जुळवेपर्यंत त्याची पाच बोलून व्हायची, पाचही चुकीची. तो मला म्हणायचा, "ताई, तू वाक्य शिजवत बसते. मी कच्चंच वाढतो. लोक खातात ना."

मी म्हणायचे, "कच्चं खाऊन पोट दुखतं."

"त्यांचं दुखतं. माझं नाय."

हा फरक खरा होता. तो मी आजही नाकारत नाही. वाक्य डोक्यात पुरं झाल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. मला नियम आधी लागतो, उदाहरण नंतर. संदीप पहिल्या शब्दावर उडी मारतो आणि उरलेलं वाक्य हातवारे करून पुरं करतो. नियम विचारला तर म्हणतो, कानाला बरं वाटलं म्हणून बोललो. माणसं वेगवेगळ्या तऱ्हेनं शिकतात, यात वाद नाही.

पण वर्षभरात काय झालं? मी रोज भिंतीकडे बसून वाचलं, माझं वाचन वाढलं. संदीप रोज खिडकीकडे बसून बोलला, त्याचं बोलणं वाढलं. बाहेरच्या परीक्षकांनी घेतलेल्या परीक्षेत मला लेखीला उत्तम गुण आणि तोंडीला काठावर. संदीपचं बरोबर उलट. सरांनी दोघांचे गुण फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "बघा. टेस्टनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्या रोपाला पाणी घातलं ते वाढलं, आणि आम्हाला वाटलं सरांनी बियाणं ओळखलं.

मग कारखान्यात एक गोष्ट झाली. आमच्याकडे जर्मनीहून नवी टेस्टिंग लाईन यायची होती. कुणीतरी तिकडे जायचं, तिथल्या इंजिनिअरांबरोबर काम करायचं आणि परत येऊन ती इथे उभी करायची. काम माझ्या विषयाचं. विभागात जर्मन येणारी मी एकटी. साहेबांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते. संध्याकाळी सरांकडे गेले.

"सर, मला जमेल का?"

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"थोडा सराव केला तर जमेल असं वाटतं. पण सर, मी डोळे आहे ना?"

इथे, मंडळी, सरांना एक संधी होती. ते म्हणाले, "हो. ते आहेच. उगाच ओढाताण कशाला करतेस? कागदावर तुझा हात धरणारं कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही म्हटलं. माझा एक सहकारी गेला. त्याला जर्मन अजिबात येत नव्हतं. तो तिथे जाऊन चुकत चुकत शिकला. आज त्या लाईनचा प्रमुख तो आहे. मी त्या लाईनची मॅन्युअल भाषांतरित करते. चांगली करते. आणि जर्मनीहून फोन आला की रिसीव्हर शेजारच्याच्या हातात देते.

याचं मला वाईट वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. मला वाटायचं, माझी घडणच अशी. घडणीवर कोण रागावतं?

सर गेल्यावर मी घरी भेटायला गेले. शेजारच्या बाईंनी चहा आणून दिला होता. काय बोलावं हे सुचेना, म्हणून मी काकूंना म्हटलं, "सरांची टेस्ट जपली पाहिजे. मी तिचं ॲप करून देते."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं, ॲप कसलं? हे ते कागद बघायचे तरी का?"

"म्हणजे?"

"दारातून आत येणारं पोर बघूनच यांचं ठरायचं. लाजतंय ते डोळे. बडबडतंय ते कान. तू पहिल्या दिवशी नाव सांगताना लालबुंद झालीस म्हणे. घरी येऊन म्हणाले, या पोरीला बोलायला लावलं तर परवा दिसायची नाही. हिला डोळेवाल्यांत बसवतो, टिकेल तरी."

मी विचारलं, "आणि काकू, माझं जर्मनीला जायचं चाललं होतं तेव्हा?"

काकूंनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी नीट जेवले नाहीत. म्हणाले, आता कोणत्या तोंडानं सांगू तिला?"

मंडळी, मी चूक समजू शकते. सरांचा त्या टेस्टवर विश्वास असता आणि टेस्ट खोटी निघाली असती, तर मी आज दोन शब्द चांगले बोलून खाली बसले असते. पण सरांना माहीत होतं. त्यांनी मला टिकवण्यासाठी एक गोष्ट रचून सांगितली आणि मी ती मोजमाप म्हणून घरी नेली.

माझं काम मोजमापाचं आहे. उपकरण दाखवतं ते आत्ताचं रीडिंग. उपकरण कुठपर्यंत मोजू शकतं, ती त्याची रेंज. त्या दिवशी मी लाजत होते, हे माझं रीडिंग होतं. सरांनी मला ते माझी रेंज म्हणून सांगितलं. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक कळत नव्हता? कळत होता. म्हणून तर जेवण गेलं नाही.

त्यात माया होती, असं तुम्ही म्हणाल. होती. मला पहिल्याच दिवशी उभं केलं असतं तर मी खरंच परत आले नसते. घाबरलेल्या मुलीला महिनाभर भिंतीकडे बसू द्यायचं, हे चांगल्या शिक्षकाचं लक्षण आहे. पण मग तिला उठवायचं. सरांनी मला उठवलं नाही. का नाही? कारण तोपर्यंत मी उत्तम डोळेवाली झाले होते. नव्या मुलांना दाखवायला मी त्यांच्या टेस्टचा पुरावा झाले होते. मला हे लागलं आहे. बाकीचं मी विसरेन कदाचित. हे नाही.

काय, संदीप? बोल. माईक नको, तुझा आवाज पोचतो.

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. संदीप म्हणतो, "ताई, घाबरत तर मी पण होतो. वरून बडबड होती नुसती. सरांनी कान म्हटलं म्हणून धीर आला. खोटं असंल, पण माझं भलं झालं."

मान्य. तुझं भलं झालं. मग एक विचारू? तिथे रुग्णांचा रोजचा अहवाल लिहावा लागतो ना? तो कोण लिहितं?

हसू नका कोणी. तो म्हणतो, मित्राकडून लिहून घेतो. बढती त्याच्यावरच अडकली आहे. आणि पुढे काय म्हणालास? मोठ्यानं बोल. "तेवढं नाय जमत ताई. मी कान हाय ना."

संदीप, तू कान नाहीस. तुला कुणी लिहायला बसवलंच नाही.

माझंही तसंच आहे, हे तुझ्याकडे बघून मला आत्ता नीट कळलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मागच्या रांगांसाठी आहे. माझ्या पाठीमागे फ्लेक्स लावला आहे. सरांचा फोटो, आणि खाली लिहिलं आहे, "कान की डोळे? पहिल्याच दिवशी ओळखा." माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे की सरांचा वर्ग चालू ठेवायचा, टेस्टसकट, आणि तो मी घ्यायचा. नवी बॅच सोमवारपासून. मी होकारही दिला होता. तो काकूंना भेटण्याआधी दिला होता. आता नीट उत्तर देते.

वर्ग मी घेईन. टेस्ट घेणार नाही. कोणी मला सरांचा अपमान केला म्हणेल. म्हणू दे. फ्लेक्सवर सरांचा फोटो राहू दे, खालची ओळ काढा.

सोमवारी येणाऱ्यांनो, ज्याला ऐकून लवकर कळतं त्यानं ऐकून सुरुवात करावी. ज्याला आधी कागद लागतो त्याला कागद मिळेल. मी तुमची सवय मोडायला येत नाही. पण तुमचा बाक रोज बदलेल. लाजणाऱ्यानं उभं राहून बोलायचं, चुकीचं बोलायचं, सगळ्यांसमोर. बडबड्यानं खाली बसून एक परिच्छेद लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. तुम्हाला याचा त्रास होईल. मला तुमच्याआधी होईल, कारण बोलण्याचा तास मलाच घ्यायचा आहे आणि मला अजून बोलता येत नाही. हे मी तुम्हाला आज सांगते आहे. नंतर काकूंकडून कळायला नको.

काकू, तुम्ही खरं सांगितलंत. त्याबद्दल तुमची ऋणी आहे. सरांनी स्वतः सांगितलं असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते, आणि मग दुसऱ्या दिवशी वर्गात गेले असते. एवढं त्यांनी ओळखायला हवं होतं.

इतक्या वर्षांत मी सरांशी जर्मनमध्ये एक शब्द बोलले नाही. ते विचारायचे, मी लिहून दाखवायचे. आज बोलते.

हेर गोसावी, इश बिन ब्योझं आउफ झी. उंट इश फेरमिसं झी.

सर, मी तुमच्यावर रागावले आहे. आणि मला तुमची फार आठवण येते.

उच्चार चुकले असतील. दुरुस्त करायला सर नाहीत.

उभे राहू या.