बारकीचं वजन

(चिचगडच्या जंगलालगतचं माकडांवरच्या संशोधनाचं केंद्र. टेबलावर विष्ठेच्या नमुन्यांच्या कुप्या, बाजूला वजनकाटा.)

रचना : खरं सांगा उदारामभाऊ, या कुप्या बारकीच्याच ना?

उदाराम : तिच्याच जी, मॅडमजी. दुसरीच्या कायले आनू?

रचना : टोळीतली सगळ्यात खालची मादी ती. टोळीची म्होरकी, पाटलीण, रोज झोडपते, तोंडचं ओढून घेते. भीतीचं हार्मोन अंगात सतत चढलेलं, म्हणून अंग धरत नाही. पाच वर्षं आकडे हेच सांगताहेत. आणि या दोन महिन्यांच्या कुप्यांत हार्मोन निम्म्यावर, वजन पाऊण किलोनं वर?

उदाराम : पाटलीनीले दया आली असन.

रचना : पाटलिणीला?

उदाराम : ...नाई जी. मीच फुटाने टाकले. पाटलीनीले काठी दाखवून उभा राहत होतो, तवा बारकी खात होती.

रचना : मधे पडायचं नाही, एवढा एकच नियम होता! आता अहवालात काय लिहू? ‘मादीचा दर्जा अचानक सुधारला; कारण, काठीवाला उदाराम’?

उदाराम : लिवा. खरंच हाये.

रचना : पण का केलंत?

उदाराम : माही रेणू आली जी माहेरी, देवरीच्या सासरऊन. लग्नात बावन किलोची होती पोरगी. परत आली तं एकेचाळीस. तुमी नागपूरले गेल्ता ना, तवा याच काट्यावर उभी केली मी तिले.

रचना : माकडांच्या?

उदाराम : सासू तिच्या पुढचं ताट ओढते जी. नवऱ्याचा फोन वाजला तं आमच्या घरात बसून पोरीच्या हातातला घास पडते.

रचना : मग?

उदाराम : मंग बैठक झाली समाजाची. ठरलं का पोरगी अशक्त हाये, टॉनिक पाजा अन् धाडा. सासरचे आज चार वाजता न्यायले येऊन राहिले.

रचना : आज? आणि घरी काठी घेऊन कोण उभं राहिलं?

उदाराम : पावन्यासमोर काठी घेता येते का जी? म्हनून इथं घेतली.

रचना : (बारकीच्या नोंदींची वही पुढे ओढते.)

उदाराम : मॅडमजी, बारकी टोळीत राहूनच सुदरली ना? म्हनजे रेणूबी सासरी राहून...

रचना : तुम्ही मधे होतात म्हणून सुधारली. मागच्या सोमवारी तुम्ही तापानं घरी होतात.

उदाराम : होय. काऊन?

रचना : त्या दिवशी पाटलिणीनं तिचा कान फाडला.

उदाराम : ...किती वाजले जी?

रचना : सव्वातीन.

उदाराम : सुट्टी द्या. अन् तुमीबी चाला संग.

रचना : मी? तुमच्या घरच्या बोलण्यात मी काय बोलणार?

उदाराम : काई बोलू नका. नुसत्या बाजूले बसा, म्हनजे मी मांगं सरनार नाई. बैठकीत ‘धाडा’ म्हननारा पयला मीच होतो जी.