सतरा नंबरची कॉफी

— अहो, ती शिडी ठेवा खाली, कुणी पळवत नाही. बसा त्या खोक्यावर. चहात पुदिना घालू ना? आणि तो फोन खिशात घाला, त्यातला निळा ठिपका मघापासून कब्रस्तानात उभा आहे, मला इथूनही दिसतंय. पत्ता मला विचारा. चाळीस वर्षं हे दुकान आहे या उतारावर. काय म्हणालात? तुतीचा रस्ता, घर नंबर सतरा, आणि पुढे पोस्टाचा पाच आकडी कोड. त्या कोडाचं काय लोणचं घालायचंय, साहेब? तो कोड म्हणजे अख्खा जोफेचा डोंगर — माणसं, मांजरं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं त्यात आलं. आणि तुतीचं झाड शोधू नका, ते कधीच तोडलं. तरी सगळे सांगतात, तुतीपासून डावीकडे वळा. परका माणूस वळतो आणि भिंतीवर आपटतो. त्याला मग मी उचलून आणतो, पाणी पाजतो, घर दाखवतो. आता सांगा, हे काम तुमचा आकडा करणार आहे?

आणि सतरा म्हणजे कोणता सतरा? दोन आहेत! तुमच्याच नगरपालिकेच्या माणसांची करामत. एक टोळी वरून नंबर ठोकत खाली आली, दुसरी खालून ठोकत वर गेली, मधल्या जिन्यापाशी भेटली, तिथे बसून दोघींनी रोटीत गुंडाळून फलाफल खाल्लं आणि गेल्या घरी. वरचा सतरा अबू नायफचा — एकशे बारा पायऱ्या, मोजून. खालचा सतरा... आहे एका भल्या माणसाचा. त्याची पाटी बदलायला आलायत ना? सतराचा चव्वेचाळीस करायला? तक्रार आली म्हणता. आलीच असणार! मी नाव न बघता सांगतो, अबू नायफ. अकरा वर्षं तो माझ्या दुकानातून साखर घेत नाही, दोन डोंगर ओलांडून जातो, पण इथे पाऊल टाकत नाही. कशावरून? कॉफीवरून.

ऐका. अकरा वर्षांपूर्वी गुरुवारी संध्याकाळी बारा गाड्या आल्या. अबू नायफच्या मुलीला मागणी घालायला लांबच्या करक गावाहून चाळीस पुरुष, पुढे एक पांढऱ्या दाढीचे शेख, त्यांनाच बोलायला आणलेलं. पत्ता काय, तर सतरा नंबर. आणि आले खालच्या सतरात. आता तुम्हाला रीत माहीतच आहे — कॉफी पुढे येते, शेख पेला खाली ठेवतो, ओठाला लावत नाही, मागणी घालतो, आणि मुलीचा बाप 'कॉफी घ्या, मागितलंत ते दिलं' म्हणाला की मगच सगळे घोट घेतात. घोट घेतला की शब्द पक्का. तर शेख उठले, अर्धा तास बोलले, दोन्ही घराण्यांचे सात पूर्वज काढले, पण मुलीचं नावच विसरले. म्हणाले, 'आपल्या गुणी कन्येसाठी.' आता त्या घरात गुणी कन्या होती की! बत्तीस वर्षांची. जुमाना. शाळेत शिकवायची. पाच वर्षं तिच्यासाठी कुणी दारावर थाप मारली नव्हती, आणि आई तिची दर सणाला नव्या पेल्यांचा संच काढून पुसून परत ठेवायची — ते बघवत नाही हो बापाला. तर बाप म्हणाला, 'कॉफी घ्या.' चाळीस माणसांनी एका घोटात संपवली. मग शेख म्हणतात, 'मुबारक हो, अबू नायफ!' आणि बाप म्हणतो, 'अबू नायफ जिन्याच्या वर राहतात.'

हसा, हसा. तेव्हा कुणी हसलं नाही. शेख म्हणाले, प्यायलेली कॉफी परत कशी करायची? आणि तेवढ्यात जुमाना पाणी घेऊन आली. नवरामुलगा औषधांच्या दुकानात असतो, इयाद त्याचं नाव, तोवर मान वर केली नव्हती बिचाऱ्याने — त्याने मान वर केली ती केलीच. म्हणाला, 'मला चालेल.' आज चार पोरं आहेत, साहेब! धाकटी तर अगदी माझ्यावर गेलीय. अबू नायफच्या मुलीचंही वाईट झालं नाही, कुवेतला आहे, दोन गाड्या. मग राग कशाचा? म्हणे त्या लोकांनी या दुकानात पत्ता विचारला होता. विचारला होता. मग? मी रस्ता सांगितला. गाड्यांचा लांबचा सांगितला, तो सांगायलाच हवा, गाड्या जिना उतरतात का? आणि मागच्या बोळातून धावत जाऊन सूट चढवायला मला जेमतेम सहा मिनिटं मिळाली, वरचं बटण तर...

असे बघू नका. हो, मीच. अबू जुमाना, म्हणजे जुमानाचा बाप. मी काही खोटं बोललो नाही, त्यांनी सतरा विचारला, मी सतरा दाखवला.

आता कळलं ना ही पाटी का हलवायची नाही? माझी दुसरी आहे घरी, रीहाम. एकोणतीस. हिशेबनिसाची नोकरी करते, जीभ आईची. तिला म्हटलं, पोरी, अजून एकदा चुकतील लोक. तर म्हणते, 'बाबा, मी चुकून कुणाच्या घरी जाणार नाही. ज्याला मी हवीय त्याने माझाच पत्ता शोधावा.' शोधावा! या डोंगरावर! म्हणून मीच लक्ष ठेवतो. मिठाई घेऊन सतरा विचारत आला की खाली पाठवतो, कागद घेऊन आला की वर. पंधरा दिवसांपूर्वी एक बाई आल्या, जाड चष्मा, काळी पिशवी, कपाळाला आठ्या. म्हटलं वीजवाल्यांची दिसतेय. 'खालचा सतरा कुठे?' मी म्हटलं, वर, एकशे बारा पायऱ्या. चढल्या हो बिचाऱ्या! दोनदा बसल्या मध्ये.

तर ही पाटी राहू द्या. ईदनंतर या, मी स्वतः शिडी धरतो. द्या तो कागद, त्यावर लिहून देतो — घरमालकाची हरकत आहे. घरीही सध्या नको, बायकोने तीन दिवस उच्छाद मांडलाय, गाद्यांच्या खोळी धुतल्या, ते पेले काढलेत, विचारलं तर म्हणते तुम्ही दुकान बघा. चष्मा कुठे ठेवला मी... हा. बघू, काय लिहिलंय त्या अबू नायफने. 'नंबर चुकीचा असल्याने आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्या बाईंना वृद्धापकाळी एकशे बारा पायऱ्या चढाव्या लागल्या. येत्या गुरुवारी त्यांच्याकडची मंडळी येणार आहेत. त्याआधी पाटी बदलावी, ही विनंती.' खाली सही...

सही रीहामची आहे.

...

आज काय वार? बुधवार? मग बसलात काय, साहेब! उचला ती शिडी! चहा राहू द्या. डावीकडे वळा, तिसरं दार, हिरवं. चार खिळे मारा, दोन नको. आणि आकडा मोठा दिसू द्या, वाकडा ठोकू नका. चला, निघा — मला कॉफी भाजायला टाकायचीय.