शनिवारची गोळी

२००१ साली कुवेतच्या एका इस्पितळात शरद नंबरची वाट पाहत बसला होता. शेजारी दोन कोकणी सुतार बोलत होते.

"तुकादादा, घमेलंभर रक्त ओकलो मी. तोंडातून पोटात नळी घालून तेव्हा नुसती सुई टोचली, तेवढ्यानं ते कायमचं थांबेल?"

"मला याच दुखण्यात उभा फाडला होता. हा बघ व्रण. खरा इलाज तो!"

"म्हणून म्हणतो, आज परत नळी नको. जखम पुन्हा फुटली तर?"

"शनिवारी उपाशीपोटी पाठदुखीच्या गोळ्या गिळताना नाही भ्यालास, सुदेश?"

"बिस्किटानं उपवास मोडला असता ना!"

"आणि पोटातल्या रक्तानं शौचाला काळी झाली तेव्हा?"

"वाटलं, खजूर जास्त झाले."

बायको नीला आज असती तर शरदनं हे घरी गेल्या गेल्या तिला सांगितलं असतं.

दोघांना ओळखणाऱ्या मराठी नर्सनं सुदेशला आत नेलं. तुकाराम दाराकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

"जखम भरलीय. फाडायची गरज नाही."

"मग सिस्टर, मला उगाच फाडला?"

"तुमचं रक्त तसं थांबलं नसतं, काका. फाडलं म्हणून तर आज त्याच्यासोबत आलात."

सुदेश हसत बाहेर आला. तुकारामानं सदऱ्याची बटणं लावली.

"सुईच बरी रे. गोळ्या मात्र बंद. चल, केळी घेऊ, उपवासाला चालतात."

"हे त्या शनिवारी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? गिळून मोकळा झालास!"