टाळीचं वाक्य

मंडळी, आज आधी एक प्रश्न. तोंडातून गेलेला शब्द चुकीचा निघाला, तर तो परत घ्यायला जायचं कुठे? मला याचं उत्तर नीटसं येत नाही, म्हणून गोष्टच सांगतो. ऐका.

अच्युतबुवा नावाचे एक कीर्तनकार होते. पुस्तकी माणूस! पोथ्या तोंडपाठ, पण उभे राहिले की नुसतं पाठ म्हणायचे. लोक पेंगायचे. पुढच्या रांगेतले आजोबा तर चक्क घोरायचे! (तुम्हाला नाही हो म्हणत, आजोबा!)

एकदा कुसूरवाडीच्या मारुतीच्या देवळात बोलता बोलता बुवा म्हणून गेले — "पाप मनात लपतं, पण कातडीवर उठतं! आणि भोग भोगूनच संपवावा लागतो. मलमानं का कर्म धुतलं जातं?"

काय टाळी पडली! आजोबा दचकून जागे झाले! बुवांना जन्मात पहिल्यांदा टाळी मिळाली. मग काय? तेच वाक्य त्यांनी पुढे अकरा गावांत म्हटलं.

वर्षानं कुसूरवाडीचं पुन्हा बोलावणं आलं. दुपारी पाहतात, तर अंगरख्याची शिवण उसवलेली. पाटील म्हणाले, "मथुराबाई शिवून देईल. पण बुवा, अंगरखा तिच्या हातात देऊ नका. उंबऱ्याबाहेर ठेवा."

"का हो?"

"इसब आहे तिला. एकाचं दुसऱ्याला लागत नाही म्हणतात डॉक्टर... पण कशाला उगाच?"

बुवा गेले. दार उघडलं — आणि बुवांच्या हातातला अंगरखा गळून पडला! कोपरापासून बोटांपर्यंत कातडी फाटलेली. पाणी सुटलेलं. मानेवर जुने डाग, कुठे काळे, कुठे पांढुरके. शिलाई मशीनवर ही एवढी धूळ!

"या बुवा, बसा. नाही — त्या सतरंजीवर नको, ती माझी. पाट घ्या."

"बाई, औषध नाही का घेत?"

"घेत होते की. बावीस वर्षांचं दुखणं. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, तेव्हा कुठे झोप लागायला लागली. डाग होते, पण खाज गेली होती. मग तुमचं कीर्तन ऐकलं. मागं खांबाशी बसले होते मी."

बुवा पाटावर सरसावून बसले.

"तुम्हीच म्हणालात ना, भोग भोगूनच संपतो? म्हटलं, देवाच्या कामात आपण आड कशाला यायचं? घरी आले आणि मलम चुलीत टाकलं." आणि ती हसली. मंडळी, हसली हो! म्हणाली, "अजून किती राहिलंय, बुवा? तुम्ही वाचलं असेल."

बुवांनी मनातल्या मनात एकूण एक पोथी उलटून पाहिली. मलमाचं ते वाक्य कुठे होतं? कुठेच नव्हतं! बोलण्याच्या भरात जुळलेलं, आणि टाळीसाठी जपलेलं!

"बाई... मलमाचं ते पोथीत नाही. माझ्याच तोंडचं आहे."

तिनं फाटलेले हात उलटेसुलटे करून पाहिले. मग हळूच म्हणाली, "मग वर्षभर मी कुणाचं भोगलं?"

संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. बुवा उसवल्या अंगरख्यानंच उभे राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी मी इथे खोटं बोललो."

पेटीचा सूर तुटला! पाटील कुजबुजले, "बुवा, आख्यान लावा, आख्यान!"

"हेच आख्यान आहे, पाटील. इसब पापानं होत नाही. रोग आहे तो, वाढतो, ओसरतो. डाग राहतात ते जखम भरल्याचे. या बाईंनी माझ्या शब्दावर औषध सोडलं."

खांबाशी बसलेल्या मथुराबाईनं विचारलं, "आता म्हणता ते खरं, की तेव्हाचं?"

सगळ्या माना वळल्या. बुवा म्हणाले, "मला विचारू नका, बाई. डॉक्टरांना विचारा. उद्या मी तुमच्याबरोबर येतो."

"येईन मी. पण मलम पाठीला कोण लावणार? माझा हात पोचत नाही. बहीण लावायची, ती गेली."

बुवांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. अहो, त्या बाजूच्या एकेकीच्या अंगावर मथुराबाईनं शिवलेला ब्लाऊज! त्याच हातांनी! आणि उठली कोण? कुणी नाही. एकीनं तर पदर आवरून घेतला!

शेवटी पाटलीणबाई उठल्या. "मी लावते."

"अगं, पण —" पाटील.

"तुम्ही गप्प बसा! बारा वर्षं माझी मापं घेतलीत तिनं. काय झालं मला? जाडी तेवढी झाले, ती माझ्या हातानं!"

दीडशे माणसांत ही एकटी, मंडळी.

बुवांना हसू नका. "मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल" — असं कुणाबद्दल आपण म्हटलेलंच नाही? आपल्याला टाळी मिळाली नाही, एवढाच फरक. ते माणूस ऐकत होतं. त्याचं घरही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा आज आरती झाली की सरळ घरी जाऊ नका. आधी त्या दारी जा. कडी वाजवा. "मी बोललो ते खोटं होतं" म्हणा. आणि मग निघू नका लगेच. ते माणूस काय विचारेल, ते उभ्यानं ऐकून घ्या.