सटवाचं झाकण

रामहरी : गल्लीत वळताना कुणाशी बोलत होता, दाजी? मी वट्यावरनं बघितलं. गाडीवर तर तुमी एकलेच.

आश्रुबा : कुणाशी न्हाई.

रामहरी : ओठ हालत होते की.

आश्रुबा : गिरणीपशी खड्डा हाय न्हाई का. "धर गं" म्हणलो. सवय हाय तोंडाला.

भामाबाई : अक्काला म्हणले असतील. तुमी पाणी द्या आधी त्यांला, चौकशी मागून करा. जय भीम, दाजी. परळीहून इथवर गाडीवर, ह्या वयात? यष्टी बंद पडल्या का काय?

आश्रुबा : जय भीम. एका दमात कुठं आलोय? रात्री अंबाजोगाईला सटवाकडं थांबलो. पहाटंच्या गारव्यात निघालो. रस्ता लई झ्याक झालाय गं आता. हायवेला लागल्यावर मी गाणं म्हणत आलो.

रामहरी : तुमी अन् गाणं?

आश्रुबा : हेल्मेटमधी कुणाला ऐकू जातंय?

रामहरी : अन् आता इथून?

आश्रुबा : चहा घेतो अन् निघतो. शेवगाववरनं नाशिक. अंजली वाट बघती.

भामाबाई : लेकीकडं किती दिवस?

आश्रुबा : बघू. आधी ही पिशवी घे. तुझा डबा हाय. गेल्या वर्सी तुझी अक्का गेली तवा तुमी सगळ्यांनी जेवणाचे डबे आणले. ते माझ्याकडंच राहिले. नावं घातलेली होती म्हणून बरं. जाता जाता ज्याचा त्याला देत चाललोय.

भामाबाई : जड कावून लागतोय?

आश्रुबा : लाडू हायेत, बेसनाचे. रिकामा डबा कुणाच्या घरी धाडायचा न्हाई, म्हणायची ती.

भामाबाई : कुणी केले?

आश्रुबा : मीच.

रामहरी : आण इकडं, मला बघू दे. ...दाजी.

आश्रुबा : काय?

रामहरी : अडकित्ता लागंल.

आश्रुबा : पाक जरा फुडं गेला. सटवाचं तर ऐक. आमी थर्मलच्या वीज कारखान्यात एका पाळीत होतो, तवापसून त्याची जीभ तशीच हाय. लाडू हातात घिऊन म्हणला, सरकारी दवाखाना घरामागंच हाय, म्हणून खातो. पण दोन खाल्ले बरं का. त्याची बायको म्हणली, भिवराबाईच्या हातची चव हाय. खोटं बोलली बिचारी. बरं वाटलं.

रामहरी : आता मऊ लागतोय. तोंडात धरून ठिवला की जमतंय.

भामाबाई : दाजी, किती डबे होते?

आश्रुबा : होते बरेच. गावातले गावात दिले. सटवाचा काल दिला. हा तुझा शेवटचा.

भामाबाई : सगळ्यांचे देऊन टाकले. घराचं काय केलं?

आश्रुबा : कुलूप लावलं.

भामाबाई : दाजी, नीट सांगा.

आश्रुबा : काय सांगू? अंजली म्हणती, बाबा, आता इथंच राहा. जावई पण चांगला हाय. गाडी खाली पार्किंगमधी लावा म्हणतो, झाकून ठिवू म्हणतो.

भामाबाई : अन् तुमाला काय वाटतं?

आश्रुबा : इकडं माझं आता काय राहिलं गं? तुमच्या घरी मी आलो ते तिच्या नावानं आलो. ती पुढं उतरायची, मी गाडी लावून मागून यायचो. आज एकलाच दारात उभा राहिलो तर कडी वाजवावी का नको, कळंना. डबा हातात होता म्हणून वाजवली.

(भामाबाई रिकाम्या झालेल्या पिशवीची घडी घालतात, मग डब्याचं झाकण उचलून दाराच्या उजेडात धरतात.)

भामाबाई : हे झाकण माझं न्हाई.

आश्रुबा : असं कसं? नाव बघ की. भामा.

भामाबाई : डब्यावर भामा हाय. झाकणावर सटवा हाय.

आश्रुबा : हात्तिच्या. लाडू भरताना दोन्ही डबे शेजारी होते. म्हंजी तुझं झाकण अंबाजोगाईला गेलं.

रामहरी : चष्मा घाला म्हणलं तर ऐकत न्हाई. नाशिकची वाट तरी दिसती का?

आश्रुबा : नवं घेऊन देतो गं. इथं गेवराईत भांड्याचं दुकान हाय, मापाचं मिळंल.

भामाबाई : नवं नगं. माझं तेच पायजे.

आश्रुबा : अगं, कुठं अंबाजोगाई अन् कुठं नाशिक. झाकणासाठी कुणी माघारी जातं का?

भामाबाई : मी गेलते. माझं लग्न झालं त्या वर्सी अक्काकडं डबा राहिला. न्यायला गेले तर डबा दिला, झाकण दिलं न्हाई. सापडत न्हाई म्हणली, पुढच्या खेपंला ने. पुढच्या खेपंला पण तेच. सासू म्हणायची, एवढं काय त्या झाकणात? पण सुनंला झाकण आणायला जाऊ देत होती. नुसतं भेटायला जाऊ दिलं नसतं.

आश्रुबा : ते झाकण? अगं, मी शोधत होतो ते. सगळी मांडणी खाली केलती मी. माळ्यावर चढलतो. ती खालून बॅटरी दावत होती.

भामाबाई : पिठाच्या डब्यात होतं. पिठाच्या खाली.

आश्रुबा : तिला म्हाईत होतं?

भामाबाई : तिनंच ठिवलतं.

रामहरी : दाजी, हसताय का रडताय?

आश्रुबा : माळ्यावर पाल होती बे. पडता पडता वाचलो. अन् ही बया खालून म्हणती, अजून आत बघा, अजून आत.

भामाबाई : मंग? आणताय का माझं झाकण?

आश्रुबा : अंजलीला काय सांगू?

रामहरी : सांगा, मेव्हणीचं झाकण हरवलंय, जावं लागतंय. अन् गाडी झाकू नका म्हणावं, बॅटरी उतरती.

भामाबाई : राहा की तिच्याकडं पंधरा दिवस, महिना. नातवाला खेळवा. मंग या. सटवाभाऊकडनं झाकण घ्या अन् मला आणून द्या.

आश्रुबा : बरं. मंग त्याचं हे तरी दे, त्याला देऊन टाकतो.

भामाबाई : ते न्हाई मिळायचं. माझं आणा, मंग त्याचं न्या.

आश्रुबा : म्हंजी मला तुझ्याकडनं परत अंबाजोगाईला जायचं?

भामाबाई : हो. अन् तिथं गेलं की परळी काय लांब हाय? घर उघडा, झाडून काढा. आता जेवून निघा. भाकरी टाकते.

रामहरी : थोडे लाडू वाटंला न्या. टायरखाली लावायला होतील.

आश्रुबा : गप बे. तीन खाल्लेस, मी मोजलेत. भामा, जेवतो अन् मंग येतो.

भामाबाई : अन् दाजी, शेवगावच्या वाटंला शाळंपशी नवा ब्रेकर केलाय.

आश्रुबा : बघून जाईन.

भामाबाई : तुमाला दिसंल. अक्काला म्हाईत न्हाई तो. जाताना सांगा तिला. येताना परत सांगा.