ओढून पाहिलं का?

...तर म्हणे, मी हात लावायला नको होता! आता तुमीच सांगा, पूर्णा जंक्शनात डबे जोडण्यात ज्याची हयात गेली, त्यो माणूस जोडलेली वस्तू बघून गप बसंल? आमच्यात ब्रेकचा पाइप जोडला की हिसका द्यायचा. ओढून पाहिलं का? पाहिलं. मग सोडा गाडी! सवय हाय हो ती.

तर विद्यापीठाच्या नामांतराचे पेढे वाटले अन् बायकोला घेऊन गेलो हैदराबादला. सत्यशीलाच्या काळजातली झडप खराब, चार पायऱ्या चढली की ही धाप! डॉक्टर म्हणले, "छाती उघडून नवी झडप शिवावी लागंल, लांबवू नका." बाई अडून बसली, "छाती कापू देणार न्हाई!" त्यात डॉक्टरच बोलून गेले, की आमच्या प्रयोगशाळेत एक झडप तपासायलेत, घडी करून मांडीच्या शिरेतून बारीक नळीनं न्यायची, आत उघडायची, कापाकापी न्हाई. झालं! "मी तिच्यासाठी थांबते!" "बाई, ती अजून माणसाला बसवत न्हाईत, वरसं लागतील." "थांबते म्हणलं ना!" अवो, हिच्याजवळ कुठं वरसं होती? माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायलं.

पण तुमाला सांगतो, खोटं कशाला, मला उत्सुकताबी लय! टाका न्हाई, खिळा न्हाई, मग आत ऱ्हाती कशी? "दाखवा की सायेब!" नेलं दोघांलाबी. काचेची नळी, पंपानं पाणी, धडक... धडक... अन् मधी ती झडप, उघडायली, मिटायली... माझी नजरच हलंना! झडपीला बांधलेली तार भाईर जोर मोजायच्या काट्याला जोडलेली. तिथला सायेब हैदराबादी, म्हणला, "देखो मियाँ, ये अपने जोर से दीवार पकड़ के बैठती. खून का धक्का लगे तो सरकती क्या, वो नापरे हम." म्हणलं, धक्का ठीक हाय... पण ओढून पाहिलं का?

"अभी नक्को, नक्को—" म्हणंपर्यंत दिला तारंला हिसका! काटा पार टोकाला, झडप माझ्या हातात, पाणी सायबाच्या चष्म्यावर! "अरे, इत्ता जोर तो हाथी का दिल भी नै लगाता!"

म्हणलं, आता हाकलतेत, हिचा इलाज बोंबलला. मागं पाहिलं तर सत्यशीला भिताडाला टेकून हासायली, धापा टाकायली, डोळ्यात पाणी... अन् डॉक्टरला म्हणली, "डॉक्टरसायेब, मला शिवलेलीच बसवा. पक्क्या टाक्याची. मला ह्या माणसासंगं ऱ्हायाचंय!"

ऑपरेशनच्या दिवशी दाराभाईर बसून ढसाढसा रडलो, लाज कशाची? डॉक्टर भाईर आले, "चांगलं झालं" म्हणले, अन् माझ्या तोंडातून काय निघावं? "ओढून पाहिलं का?" त्यांनी हातच जोडले!

आता बाई स्टेशनात रुळावरचा पायऱ्यांचा दादरा एका दमात चढती. आनंद हाय, लय आनंद हाय... पण पहिलं भांडताना मधीच दम खायला थांबायची, तेवढ्यात मी माझं म्हणणं मांडून घेयचो. आता थांबतच न्हाई हो!