नेव्हिलचे धुतलेले पाय

सन्माननीय अध्यक्ष मॅक्फी साहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या डॉक्टर इरिनी स्टॅथिस, आणि मागच्या दाराशी बिअर घेऊन उभ्या असलेल्या तमाम लोकर कातरणाऱ्यांनो,

मला 'दोन गोड शब्द बोला' म्हणून सांगितलंय. गोड हवं असेल तर टेबलावर लॅमिंग्टन केक आहेत, ते खा. मी वैतागलेय.

मी ग्लेनिस, नेव्हिलची बायको. जन्मभर कमरेतून वाकून मेंढ्या कातरल्यावर माणसाची कंबर जाणार नाही तर काय होणार? पण आमच्या कातरणीच्या शेडचा कायदा काय? दुखतंय म्हणायचं नाही. म्हटलं, की तुझ्या जागी दुसरा उभा. म्हणून मागे एकदा उजवं पाऊल फरफटत दवाखान्यात गेलेला हा गृहस्थ डॉक्टरांना काय म्हणाला? "तसं काही नाही हो."

स्कॅनमध्ये मणक्यांमधल्या दोन गाद्या सरकलेल्या. त्यातली नस दाबणारी कुठली? स्कॅनला सांगता येईना, नवरा सांगेना. तेव्हा डॉक्टर बाईंनी पायाला विजेच्या टिचक्या देऊन, तो निरोप कण्यातून डोक्यापर्यंत कसा पोहोचतो हे बघायची तपासणी लावली. आणि हा शेडमधून थेट तिकडे! पायांवर लोकरीचं तेल. तारा चिकटेनात, पडद्यावर नुसती गिचमिड. बाईंनी नडगीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि दार उघडून ओरडल्या, "ग्लेनिस, ही मेंढी आधी धुवून आण!"

हसताय काय? तुम्हीही सगळे असेच गेला होतात.

धुतल्यावर डाव्या पायाने चटकन उत्तर दिलं. उजव्या बाजूच्या एका नसेचं उत्तर उशिरा, तेही मरतुकडं. बाईंनी विचारलं, "बधीर वाटतं?" हा म्हणाला, "छे!" "नेव्हिल, तुझा पाय तुझ्यापेक्षा खरं बोलतो रे." मग ऑपरेशनमध्ये त्याच नसेवरची गादी काढली आणि पाऊल वाचलं.

आता बाई निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी कोण? कोणी नाही! खोलीला कुलूप, यंत्र मेलबर्नला. 'तसं काही नाही' म्हणणारा माणूस तपासणीसाठी चार तास गाडी हाकत जाईल? अध्यक्ष साहेब, नुसती मान डोलावू नका, माणूस आणा.

कारण आमच्या व्हरांड्यात तो आवाज पुन्हा यायला लागलाय. पाऊल लाकडावर फटकन आपटल्याचा. त्याला विचारलं, तर काय म्हणाला असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं चालणंच जाईल या भीतीने माझा डोळा लागत नाही, आणि हा पठ्ठ्या सोमवारी नव्या शेडवर निघालाय.

डॉक्टर, यंत्रही सोमवारीच जाणार म्हणे. म्हणजे आज ते अजून दवाखान्यातच आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. डॉक्टर, तुमच्या निरोपात मी माझंच गाऱ्हाणं घातलं, तेवढं पदरात घ्या. पाय मी दुपारी स्वतः साबणाने घासून आणलेत, बाई.

नेव्हिल, ऊठ. बूट काढ.